दार बुजवलेली ग्रील

मी एक जुनी ग्रील आहे. खिडकीच्या बाहेर पुढे आलेली, पेटीच्या आकाराची. कुंड्या ठेवायला, ओले कपडे टाकायला, पापड वाळवायला लोक बसवतात तशी. आत्ता मी उल्हासनगरच्या एका भंगाराच्या दुकानात भिंतीला टेकून उभी आहे. अंगावरचा काळा रंग अजून ओला आहे. रंग वाळला की टेम्पो येणार आहे, म्हणून जरा घाईने बोलते. मित्रांनो, एवढं ऐकून घ्या आणि मगच उठा.

माझा जन्मही याच गावातला. कॅम्पातल्या एका अरुंद गल्लीत माझ्या सळ्या कापल्या, जोडल्या, त्यावर लाल रंगाचा हात मारला. दुकानाचे सिंधी शेठ गिऱ्हाइकाला म्हणाले, "साईं, हिला हत्ती बांधा, हलली तर नाव बदलीन." गिऱ्हाईक म्हणजे बबन. अंबरनाथच्या कारखान्यात उभी हयात काढलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला हलवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "शेठ, हिला एक छोटं दार ठेवा. कधी लागलं तर असू दे." म्हणून मला दार मिळालं. माणूस वाकून बाहेर येईल एवढं. त्याला कडी, कडीला कुलूप.

बदलापूरला मांजर्लीत, तळमजल्यावरच्या खिडकीला मला बसवलं. मला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, होल्डफास्ट, भिंतीत खोल गाडल्या आणि सिमेंट भरलं. ते दिवस माझे मानाचे होते, बरं का! चौदा एप्रिलला माझ्यावर निळ्या दिव्यांची माळ चढायची. बुद्धपौर्णिमेला द्रौपदीबाई, म्हणजे बबन यांची बायको, माझी एकेक सळई ओल्या फडक्याने पुसायच्या. माझ्यात त्यांची मिरचीची रोपं होती, कोरफड होती, आणि एक गुलाब होता, त्याला कधी फूल आलं नाही. बबन यांच्या तोंडी प्रेम हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. पण खिडकीपाशी बसून तांदूळ निवडताना द्रौपदीबाईंच्या डोळ्यांवर ऊन येतं, हे पाहून त्यांनी माझ्यावर हिरवं कापड आणून ताणलं. कुणी सांगितलं नव्हतं. मग ते वारले. कापड उन्हाने विरत गेलं.

वरच्या मजल्यावर कुमुदिनीबाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. मुलगा उन्मेष पुण्याला, आईला रोज फोन करायचा, आणि रोज विचारायचा की आई, तू गोळ्या घेतल्यास ना, तू बाहेर फिरत नाहीस ना. माझ्या खाली सोसायटीचं सिमेंटचं बाकडं आहे. संध्याकाळी कुमुदिनीबाई त्या बाकड्यावर बसायच्या, द्रौपदीबाई आत खिडकीत, आणि माझ्या छोट्या दारातून ताटल्या इकडून तिकडे जायच्या. इकडून बोंबलाची चटणी, तिकडून पुरणपोळी. कुमुदिनीबाई बोंबील खायच्या नाहीत, पण ताटली कधी परत केली नाही. वास सोसून घरी न्यायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीला, प्रमोदला, गुपचूप द्यायच्या. या दोघी तासन्तास काय बोलायच्या ते विचारू नका. निम्मं तर मलाही कळायचं नाही, एवढ्या हसायच्या.

मग द्रौपदीबाई विसरू लागल्या.

आधी मीठ विसरल्या, मग गॅस. मग एक दिवस सुनेला, मायाला, म्हणाल्या, "पोरी, तू कोनाची गं?" माया रडली नाही, हसून म्हणाली, "तुमचीच, आई." आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. मुलगा विक्रांत अंबरनाथच्या कंपनीत, माया उल्हासनगरला कपड्यांच्या कारखान्यात. दोघं बाहेर पडल्याशिवाय घर चालायचं नाही. आणि द्रौपदीबाईंनी एकच धोशा लावला होता, "मला चामटोलीला जायचंय. आय वाट बघते." चामटोली त्यांचं माहेर. तिथे आता वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून विक्रांत बाहेरच्या लोखंडी दाराला कुलूप लावून कामाला जायला लागला. एक किल्ली कुमुदिनीबाईंकडे दिली. त्या दुपारी दार उघडून द्रौपदीबाईंना बाहेर आणायच्या, बाकड्यावर बसवायच्या, केस विंचरून द्यायच्या. एका दुपारी वर उन्मेषचा फोन वाजत राहिला. फोन उचलला नाही की तो घाबरतो, म्हणून कुमुदिनीबाई वर गेल्या. खाली आल्या तर बाकडं रिकामं.

द्रौपदीबाई सापडल्या सोसायटीच्या मागे वाहणाऱ्या नदीच्या काठाला. पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि पलीकडे बघत होत्या.

विक्रांतने आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं. मी ते हात ओळखत होते. दर दिवाळीला मला खरवडून, गंज घासून, स्वतः रंग देणारे ते हात. त्याने आईचे पाय पुसले, तळव्यांना तेल चोळलं, आणि मग कुमुदिनीबाईंवर ओरडला, "काकू, तुमच्या भरवशावर ठेवली होती ना? तुमच्या भरवशावर! द्या ती किल्ली."

कुमुदिनीबाईंनी कमरेची किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. कारण माझ्या छोट्या दाराची कडी द्रौपदीबाई आतून खुळखुळवत बसायच्या, आणि विक्रांतला तो आवाज ऐकवेना. वेल्डर म्हणाला, "चार टाके मारतो, बस झालं." विक्रांत म्हणाला, "टाके नको. पूर्ण भर. चारी बाजूंनी. निघालं नाही पाहिजे." वरून कुमुदिनीबाई धावत आल्या.

"विक्रांत, किल्ली घेतलीस, ठीक. पण हे दार राहू दे रे. उद्या काही झालं तर?"

"काय होणार काकू? आत असली की सेफ आहे. बाहेर गेली की मरेल. माझी आई आहे, मला कळत नाही का?"

ठिणग्या उडाल्या. माझं तोंड शिवून टाकलं. विक्रांत शेजारी उभा राहून प्रत्येक कोपरा तपासत होता. काम झाल्यावर त्याने बोटाने शिवण दाबून पाहिली आणि सुटकेचा श्वास सोडला. मित्रांनो, त्याचं प्रेम खोटं नव्हतं. मी लोखंडाची आहे, मला खोटं धरलं की कळतं. ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटली. खोट्या प्रेमाला कुणीतरी अडवतं. खऱ्याला कोण अडवणार?

तरी कुमुदिनीबाई यायच्या. रोज. बाकड्यावर बसायच्या. आता ताटली आत जात नव्हती, म्हणून केळ्याचे काप करून आणायच्या आणि सळ्यांमधून एकेक द्यायच्या. द्रौपदीबाई कधी खायच्या, कधी "चोरटी आली, चोरटी!" म्हणून ओरडायच्या. एकदा कुमुदिनीबाईंनीच दिलेल्या पेल्यातला गरम चहा सळ्यांमधून त्यांच्या तोंडावर फेकला. कुमुदिनीबाईंनी पदराने तोंड पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. चहा जरा कोमट करून. उन्मेष फोनवर चिडायचा, "आई, त्या घरच्यांनी तुझा एवढा अपमान केला. कशाला जातेस तिथे मरायला?" त्या म्हणायच्या, "तुला नाही कळायचं. ठेव आता, दूध उतू जाईल."

त्या बदल्यात त्यांना काय मिळत होतं, याचा मी खूप विचार केला. वेळच वेळ होता मला. मला काही सापडलं नाही.

त्या पावसाळ्यात पाऊस लागून राहिला होता. माझ्या सळ्यांवरचं पाणी वाळतच नव्हतं. त्या सकाळी आभाळ एवढं काळं होतं की घराघरात दिवे लागले होते. माया म्हणाली, "आज राहू का मी घरी?" विक्रांत म्हणाला, "काल पण राहिलीस ना, काढून टाकतील. मी हाफ डे टाकून येतो." त्याने आईला भात भरवला, टीव्ही लावून दिला, लोखंडी दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि दोघं गेले.

सगळ्यात आधी न्हाणीघर बोललं. मोरीच्या भोकातून गुळगुळ आवाज आला, घशात काही अडकावं तसा. मग तिथून काळं पाणी वर येऊ लागलं. बाहेर अंगणात अजून काहीच नव्हतं! द्रौपदीबाई टीव्ही बघत होत्या. पाणी पायाशी आलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतले, बस. मग अंगणातल्या चेंबरचं झाकण हललं, उचललं गेलं, आणि नदी गेटमधून आत आली. धावत नाही आली. सावकाश, गढूळ, कुणाच्या घरी ओळखीचं माणूस शिरावं तशी. तिच्यासोबत चपला होत्या, थर्माकोल होतं, एक मेलेली कोंबडी होती.

टीव्ही बंद पडला. द्रौपदीबाई पलंगावर चढल्या. थोड्या वेळाने फ्रिज आडवा झाला, तरंगला, गोल फिरला आणि लोखंडी दाराच्या आतल्या लाकडी दाराला जाऊन टेकला. तिथेच रुतला. द्रौपदीबाई खिडकीत चढल्या आणि माझ्यात येऊन बसल्या. मिरचीच्या कुंड्यांमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन. माझ्या आत. मी त्यांना चारी बाजूंनी घेरून होते, आणि पाणी मला न विचारता आत-बाहेर करत होतं.

कुमुदिनीबाई पाण्यात उतरल्या तेव्हा ते कमरेला लागत होतं. आधी हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. प्रमोद आणि वरची माणसं आली. त्यांनी लोखंडी दाराचं कुलूप फोडलं. पण आतलं लाकडी दार आत उघडतं, आणि आत फ्रिज. चौघांनी खांदे लावले, दार बोटभर सरकलं आणि अडलं.

"खिडकीतून काढा!" कुणीतरी म्हणालं.

"खिडकीला ग्रील आहे."

"ग्रीलला दार असतं ना!"

प्रमोदने पाण्याखाली हात घालून माझी शिवण चाचपली. मग हात काढून घेतला आणि पहार आणायला गेला.

कुमुदिनीबाई बाकड्यावर उभ्या राहिल्या आणि माझ्या सळ्यांमधून द्रौपदीबाईंचा हात धरला. त्यांचा फोन ब्लाउजमध्ये वाजत होता. त्यांनी एकदा उचलला. उन्मेष ओरडत होता, "आई, वर जा! आत्ताच्या आत्ता वर जा! तुला माझी शपथ आहे!" त्यांनी फोन बंद करून वरच्या मजल्यावरून आलेल्या एका माणसाच्या हातात दिला. पाणी त्यांच्या छातीला लागलं. आत द्रौपदीबाईंच्या छातीला.

प्रमोद पहार घालत होता, माझ्या सळ्यांमध्ये, माझ्या कोपऱ्यात. मी हलत नव्हते. हत्ती बांधा म्हणाले होते ना शेठ! आयुष्यात पहिल्यांदा मी गंजाला हाक मारली. म्हटलं, ये बाबा, कुठे आहेस, खा मला. पण गंज कुठून येणार? विक्रांत दर दिवाळीला तो घासून काढायचा.

तेवढ्यात द्रौपदीबाईंनी कुमुदिनीबाईंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ओळखलं नाही. पण चोरटीही म्हणाल्या नाहीत.

"पोरी, तू भिजतेस," त्या म्हणाल्या. "जा तू घरला. तुझी आय वाट बघत असंल."

"नाही जाणार."

"जा म्हनते ना! माझं मी बघते." आणि त्यांनी कुमुदिनीबाईंची बोटं एकेक करून उलगडायला सुरुवात केली. ज्या बाईला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, ती परक्या पोरीला वाचवत होती. कुमुदिनीबाईंनी दुसरा हात आत घातला आणि त्यांचं मनगट धरलं. "सोडत नाही मी. काय करायचं ते कर," त्या रडत रडत म्हणाल्या. द्रौपदीबाई त्यांना ओरबाडत होत्या, जा जा म्हणत होत्या. या दोघींचं ते भांडण मी सोसलं कसं, माझं मला माहीत.

पाणी हनुवटीला आलं तेव्हा विक्रांत आला. अर्धा रस्ता चालत, अर्धा छातीभर पाण्यातून. हातात किल्ली होती. मुठीत घट्ट धरून आणली होती त्याने, अंबरनाथहून, एवढ्या पाण्यातून. कुलूप फुटलेलं त्याने पाहिलं, मला पाहिलं, माझ्यात बसलेली आई पाहिली. किल्ली हातातून कधी सुटली ते त्याला कळलंही नसेल.

त्याने प्रमोदच्या हातून पहार हिसकावली आणि माझ्या शिवणीवर घातली. पुन्हा घातली. "निघ," म्हणत होता, "निघ ना, निघ ना गं!" स्वतः उभं राहून भरून घेतलेली शिवण ती. तिला ओरखडाही गेला नाही. "विक्रांत, भिंत!" कुमुदिनीबाई ओरडल्या. "ग्रील सोड, भिंत फोड! भिंत भिजलीय!" मग त्याने माझ्या वरच्या होल्डफास्टपाशी पहार घातली. ओल्या विटा खचल्या. मी जेवढं जमेल तेवढं अंग सैल सोडलं. लोखंडाला ते जमतं का ते मला विचारू नका, मी सोडलं. एका बाजूने मी भिंतीतून उपटून निघाले, खाली लोंबले, आणि मी व भिंत यांच्यात पडलेल्या फटीतून द्रौपदीबाई पाण्यात गेल्या. वर आल्या तेव्हा त्यांचं मनगट कुमुदिनीबाईंच्या हातात तसंच होतं.

त्या वाचल्या. जिन्यावर त्यांना बसवलं तेव्हा विक्रांत त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हमसाहमशी रडत होता. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुमुदिनीबाईंना विचारलं, "कोनाचं गं हे लेकरू? त्याला काही खायला तर दे."

कुमुदिनीबाई मात्र महिनाभर तापाने अंथरुणाला खिळल्या. उन्मेष येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. तोही आईवर प्रेमच करतो. विक्रांत आता आईला घेऊन दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, माया अर्धवेळ काम करते, असं मला उचलताना माणसं बोलत होती. द्रौपदीबाई कुमुदिनीबाईंची आठवण काढत नाहीत. काढणार कशी?

आणि मला भंगारात घातलं. इथल्या दुकानदाराने माझा चिखल धुतला, वाकलेला कोपरा ठोकून सरळ केला, काळा रंग दिला. शिवण रंगाखाली गेली. आज सकाळी महेंद्र नावाचा एक तरुण बाप आला. बदलापूरच्याच सोनिवलीत एका नव्या इमारतीत त्याने तळमजल्यावर घर घेतलं आहे. मुलगी राजसी, दुसरीत आहे. शाळेतून आली की आई-बाबा येईपर्यंत ती घरात एकटी असते.

त्याने माझ्या सळ्या दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवल्या. "दार नाहीये ना हिला? पोरगी खूप चढते."

"होतं, साहेब. आधीच्यांनी पॅक करून घेतलंय," दुकानदार म्हणाला. "एकदम सेफ. टेन्शन नाही."

महेंद्र हसला. फोनमध्ये त्याने माझा फोटो काढला आणि बायकोला पाठवला. मग मुलीचाही फोटो दुकानदाराला दाखवला, दात पडलेला, हसरा. त्याचे हात अगदी विक्रांतच्या हातांसारखे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्यापाशी रडतात, आमची निगा राखा म्हणतात. मी उलटं मागते. माझी निगा नका राखू. मला घासू नका, रंग देऊ नका. मला दार द्या. आणि तेही जमलं नाही तर त्या खिडकीखाली कुणीतरी बसायला जा. नदीच यायला हवी असं नाही, एक शॉर्टसर्किट पुरतं. आणि सोनिवलीची ती इमारत नवी आहे, तिथे अजून कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही.

टेम्पो आला वाटतं. तळमजला, डावीकडचं पहिलं घर. मुलीचं नाव राजसी. एवढं तरी लक्षात ठेवा.